न वाजणारी माळ

आमच्या धंद्याचा इतिहास हवा असेल तर तो माळेच्या डबीतच मिळतो. आत गुलाबी कागदाची एक घडी असते. संस्थापिकेने दूरदृष्टीने आणि अथक संशोधनाने शिंपल्यांची न वाजणारी माळ कशी तयार केली, ते तिच्यावर छापलेलं आहे. ते वाचलं की मला हसू येतं, हसलं की खोकला येतो, म्हणून हल्ली वाचत नाही. दूरदृष्टी कसली? संस्थापिका म्हणजे माझी आत्या, आणि तिला हातातल्या सुईचं नाकसुद्धा धड दिसत नव्हतं. दोरा ती अंदाजाने मारायची आणि सुईने आपलं नाक पुढे करावं अशी तिची अपेक्षा असायची.

खरं कारण मी आहे. मी झोपत नव्हतो म्हणून हा धंदा उभा राहिला. तेव्हा मी तान्हा होतो, पण मला सगळं आठवतं. जे आठवत नव्हतं ते मी इतक्यांदा सांगितलंय की आता तेही आठवतं.

बंदरामागच्या चढावर आमचं घर होतं, दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत चूल, अंथरुणं आणि भांडणं. पुढच्या खोलीत शिंपले. माझे वडील बोटीवर खलाशी. अधूनमधून घरी यायचे, तेव्हा आई त्यांची आणि माझी ओळख करून द्यायची. घरात राज्य आत्याचं. आत्या वडिलांची मोठी बहीण. ती आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, आमच्याच घरात राहायचे. आत्याने शिंपल्यांच्या माळांचा उद्योग काढला होता, आणि आई तिच्या हाताखाली काम करायची. हाताखाली असं आत्या म्हणायची. आई म्हणायची, शेजारी बसून.

शिंपले पोत्यांतून यायचे. नखाएवढे, वळलेले, पोटात पोकळ. आधी ते पिंपात भिजत पडायचे. मग आतलं मेलेलं मांस सुईने उकरायचं. त्या कामाच्या दिवशी पोस्टमन आमची पत्रं तीन घरं अलीकडेच टाकून परत फिरायचा. मग वाळूने घासायचं, मग आंबट पाण्यात बुडवायचं. वरची करडी साल सुटली की आतून असा निळाहिरवा रंग वर यायचा की त्या वासाची आठवणसुद्धा राहायची नाही. मग गिरमिटाने भोक, मग मेण लावलेला दोरा, शेवटी मानेमागे अडकवायला आकडा. झाली माळ.

आणि पुढच्याच खोलीत, खिडकीखाली, माझा पाळणा. मागच्या खोलीत धूर, म्हणून मला पुढे ठेवलेलं. आता माझी झोप कशी होती ते सांगतो. मांजर कापसावरून चाललं तरी मला जाग यायची. पलीकडच्या गल्लीत कुणी डोळे मिचकावले की मी इकडे दचकायचो. आणि एकदा जाग आली की मी जो शंख करायचो तो बंदरापर्यंत जायचा. एका कप्तानाने तो भोंगा समजून नांगर उचलला आणि माल न भरताच बोट हाकारली. ती बोट पुढे कुठे गेली ते विचारू नका, वडील तिच्यावरच होते. म्हणून तर ते घरी फारसे यायचे नाहीत.

तर माळ ओवायची म्हणजे शिंपल्यावर शिंपला आपटणार. खळ्. की मी जागा. आई उठणार, पाळणा हलवणार, मला गप्प करणार, परत येऊन बसणार, दुसरा शिंपला ओवणार. खळ्. दिवसभर राबून एक माळ पुरी होईना. आईने मला उचलून लोहारणीकडे नेऊन ठेवायचं ठरवलं. लोहाराच्या भात्यापाशी तरी हा सुधारेल, असा तिचा हिशोब. आत्या म्हणाली, नको, पोर बदलता येणार नाही, माळ बदलता येईल.

डबीतल्या कागदावर ज्याला संशोधन म्हटलंय ते हे. आत्याने आधी शिंपले उलटसुलट करून पाहिले. एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडात बसली, जसे चमचे एकात एक बसतात, की खडखडाट निम्मा होतो हे तिला कळलं. मग तिने दर दोन शिंपल्यांच्या मध्ये दोऱ्याची गाठ मारली, आणि ती गाठ सुईच्या टोकाने ढकलून भोकाच्या आत बसवली. बाहेरून दिसायची नाही, पण शिंपल्याला शिंपला शिवायचा नाही. माळ पुरी झाली की ती माझ्या पाळण्यावर धरून जोरात हलवायची. माझी पापणी हलली की माळ उसवायची. नाही हलली की विक्रीला.

शिवाय त्या खोलीत बोलायला बंदी. आई आणि आत्या भुवयांनी बोलायला शिकल्या. दोरा दे, कात्री कुठाय, तुझ्या भावाला अक्कल नाही, हे सगळं भुवयांनी. त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं भांडण त्याच खोलीत झालं. अख्खी दुपार चाललं आणि एक अक्षर बाहेर आलं नाही. शेवटी आईने उजवी भुवई अशी काही उडवली की आत्या रडली.

माळा सुंदर होत्या. अडचण एवढीच होती की त्या कुणी घेईना.

याचं कारण म्हणजे चाळणीशेठ. बंदरावर त्याची मोठी शेड होती आणि शेडमध्ये मशीन. मशीन भोकं पाडायचं, आणि शिंपले मापाने वेगळे करायला तिथे माणसाएवढाल्या चाळण्या होत्या, म्हणून ते नाव. माणूस वाईट नव्हता. गोरागोमटा, बोलायला गोड, आणि आपल्या मालावर स्वतःच लट्टू. तो गिऱ्हाइकाच्या कानाशी माळ धरायचा, खुळखुळ वाजवायचा आणि म्हणायचा, खरा शिंपला बोलतो. मातीचा, मेणाचा असेल तर तो गप्प बसतो. हे त्याने इतकं पसरवलं की त्या गावात बायका माळ डोळ्यांनी बघेनाशाच झाल्या. हातात घ्यायची, कानाशी न्यायची, हलवायची. आमची माळ हलवली की काहीच नाही. बाई तोंड वाकडं करून ती खाली ठेवायची आणि आत्याकडे असं बघायची की जणू आत्याने तिला मेण विकायचा घाट घातला होता.

गंमत अशी की शिंपल्यांची ती फॅशन मुळात आमच्याच माळेने आणली होती, आणि हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आतोबा नाट्यगृहात प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं आणि नटांना विसरलेली वाक्यं हळूच सांगायची. जन्मभर कुजबुजून कुजबुजून त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. लग्नात त्यांनी दिलेला होकार फक्त पहिल्या रांगेला ऐकू गेला, असं आत्या सांगायची. तर तिथल्या मोठ्या नटीला राणीच्या भूमिकेसाठी काहीतरी गळ्यात हवं होतं. आतोबांनी न खपलेल्या ढिगातली एक माळ उचलून तिला नेऊन दिली. ती तिने घातली, दिव्यांच्या उजेडात ती निळीहिरवी चमकली, आणि महिनाभरात गावातल्या प्रत्येक बाईला शिंपल्यांची माळ हवीशी झाली. मग त्या बायका बाजारात गेल्या, माळा कानाशी धरून हलवून पाहिल्या आणि चाळणीशेठच्या घेऊन आल्या.

आम्ही ती नटीची माळ विक्रीत धरलीच नव्हती. आतोबांनी फुकट दिली म्हणून आत्या त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. ते काही बोलले असते तरी कुणाला ऐकू आलं असतं?

मी अडीच वर्षांचा झालो तेव्हा गोष्ट गळ्याशी आली. गावातल्या सगळ्यात मोठ्या दागिन्यांच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी जाहीर केलं की आता त्या शिंपल्यांचा स्वतंत्र काउंटर काढणार, आणि त्यावर माल एकाचाच ठेवणार. चाळणीशेठ तरी, नाहीतर आत्या. ज्याला काउंटर मिळाला त्याचा धंदा, उरलेल्याने गाशा गुंडाळायचा. कारण त्या दुकानात जे नाही ते गावात कुणी घालत नसे. आत्या आईला म्हणाली, हे हुकलं तर आपली खोली बंद, आणि उद्यापासून मी शेटच्या शेडमध्ये मशीनचा दांडा ओढणार. हे ती भुवयांनी नाही, तोंडाने बोलली, यावरून आई काय ते समजली.

पारख दुकानाच्या माडीवर झाली. गालिचा एवढा जाड की आत्याचे पाय घोट्यापर्यंत आत गेले, असं ती सांगायची. मालकीणबाईंनी आधी शेटची माळ हलवली. खळखळ. मग आमची हलवली. मग परत हलवली. मग कानाला लावून हलवली.

"ही गप्प का?" त्यांनी विचारलं.

"तिला सांगितलंय गप्प बसायला," आत्या म्हणाली.

बाई हसल्या. त्यांनी माळ उजेडात धरली, गाठ शोधली, सापडली नाही. मग नाइलाजाने खाली ठेवली आणि म्हणाल्या, माळ देखणी आहे, पण माझं गिऱ्हाईक कानाने घेतं. पुढच्या रविवारी दुपारचा नाटकाचा खेळ त्यांनी दुकानाच्या गिऱ्हाइकांसाठी अख्खा घेतला होता. दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला शेटची एक माळ भेट मिळणार होती, आणि खेळ संपल्यावर रंगमंचावरच सगळ्यांसमोर शेटच्या हातात काउंटरची किल्ली द्यायची, असं ठरलं.

जिना उतरताना चाळणीशेठने आत्याला हात दिला. खरंच दिला, चेष्टेने नाही. त्याला वाटत होतं की तो मोठं मन दाखवतोय.

"बाई, मशीनपाशी तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय," तो म्हणाला. "पाठीला उशीपण आहे."

आत्या घरी आली ती थेट पिंपावर जाऊन बसली. आईने समजूत घातली. "वन्सं, सोडा त्या गाठी. पोर आता मोठं झालंय, मागच्या खोलीत झोपतं. रविवारच्या आत पाचपंचवीस वाजणाऱ्या माळा करू आणि बाईंना परत दाखवू." आत्याने शिंपले घेतले, दोरा घेतला आणि गाठी न मारता एक माळ ओवली. बोटं सारखी गाठ मारायला वळायची, ती त्यांना चापट मारायची. माळ झाली. तिने ती उचलून एकदाच हलवली.

मी मागच्या खोलीत होतो, दार लावलेलं, डोक्यावर दोन पांघरुणं. मी असा किंचाळलो की पिंपातल्या पाण्यावर तरंग उठले.

आत्याने माळ कापली. शिंपले घरंगळत चहूकडे गेले. "वहिनी," ती म्हणाली, "या घरात एवढा एकच जण तोंडावर खरं सांगतो. मशीन तर मशीन. पण असलं मी करणार नाही."

रविवारी आत्या नाटकाला गेली. हरलेल्या माणसाने जाऊ नये असं आईचं मत होतं, पण आत्या म्हणाली, मी माझ्या नवऱ्याचं काम बघायला चाललेय, शेटचं नाही. मला तिने कडेवर घेतलं आणि मागच्या दाराने आम्ही विंगेत आतोबांशेजारी जाऊन उभे राहिलो. आतोबांच्या हातात नाटकाची संहिता, समोर तिरका दिवा, आणि पडद्याच्या फटीतून प्रेक्षागृह दिसत होतं. खच्चून भरलेलं. सगळ्या बायका, आणि प्रत्येकीच्या गळ्यात शेटची नवीकोरी माळ. पुढच्या रांगेत मधोमध मालकीणबाई, त्यांच्या शेजारी चाळणीशेठ. त्याच्या कोटाला फूल होतं.

पडदा उघडण्याआधीच मला काहीतरी वेगळं ऐकू आलं. एक माळ वाजते तेव्हा ती गोड लागते, हे मीही कबूल करतो. पण एवढ्या बायकांनी एकदम श्वास घेतला की काय होतं ते शेटने कधी ऐकलं नव्हतं. समुद्र गोट्यांच्या किनाऱ्यावरून मागे सरताना जसा आवाज होतो तसा तो श्वास आत गेला, आणि तसाच बाहेर आला. शेट खूश झाला. त्याने मालकीणबाईंकडे वळून बोट वर केलं, ऐका म्हणून.

पहिला अंक कसाबसा झाला. विदूषक आला, बायका हसल्या, आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खडखडाट उठला. विदूषकाला आपला पुढचा विनोद स्वतःलाच ऐकू येईना. तो हातवारे करून आत गेला आणि विंगेत येऊन पाणी प्यायला. तरी तोवर निभावलं, कारण पहिल्या अंकात सगळी धावपळ आणि तलवारी होत्या. खरी गोष्ट दुसऱ्या अंकात होती. राजा मरायचा होता.

राजाचं काम करणारा नट फार मोठा होता आणि फार म्हातारा. त्याचं मरण बघायला लोक गावोगावहून यायचे. पण त्याला पाठ काही राहत नसे. खेळ संपल्यावर त्याला स्वतःच्या घराचा पत्तासुद्धा आतोबा सांगायचे. मरताना राजाला एकच वाक्य होतं, ज्याच्यावर अख्खं नाटक उभं होतं: माझ्यानंतर हे राज्य माझ्या धाकट्या मुलाचं. ते ऐकून थोरला चिडतो आणि तिसऱ्या अंकात युद्ध होतं.

राजा पलंगावर पडला. नटी, म्हणजे राणी, त्याच्या उशाशी बसली. तिच्या गळ्यात आमची माळ. राजाने हात वर केला आणि म्हणाला, "माझ्यानंतर हे राज्य..." आणि थांबला. सवयीने त्याने कान विंगेकडे केला. आतोबांनी कुजबुजून वाक्य दिलं. पण राजा मरतोय म्हटल्यावर बायका नीट दिसावं म्हणून पुढे वाकल्या होत्या. खळळ. राजाला काही ऐकू गेलं नाही.

"हे राज्य..." तो पुन्हा म्हणाला. मागच्या रांगेतल्या एका बाईने पुढचीला गप्प बस म्हटलं. पुढचीने मागे वळून बघितलं, तिची माळ वाजली. तिला तिसरीने दटावलं, तिसरीची वाजली. जितक्या बायका एकमेकींना शांत करायला लागल्या तितका गोंगाट वाढला. आतोबांनी गळ्याच्या शिरा ताणल्या, पण त्यांच्या आवाजात त्याहून जास्त आवाजच नव्हता. शेवटी राजाने डोळे फिरवले, समोर जो पहिला माणूस दिसला त्याच्याकडे बोट केलं आणि राज्य त्याला देऊन टाकलं. तो भाला घेऊन दाराशी उभा असलेला पहारेकरी होता. त्याला अख्ख्या नाटकात एकही वाक्य नव्हतं.

"बरं," पहारेकरी म्हणाला.

थोरल्या राजपुत्राने तलवार उपसली आणि आता कुणावर चिडायचं ते न कळून परत म्यान केली. प्रेक्षागृह हसून फुटलं, आणि शेकडो माळा एकदम वाजल्या. तो आवाज मी आत्याच्या कडेवर ऐकला. नाट्यगृहाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पुढचा मान नटीला दिला आहे, पण पहिली तक्रार माझी होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी आरोळी ठोकली. माळा ऐकू येईनाशा झाल्या. छताचं झुंबर हललं. राजा घाबरून पलंगावर उठून बसला, मेलेला असूनही.

नटीने विंगेकडे पाहिलं. तिला कडेवरचं पोर दिसलं आणि कानावर हात ठेवलेली आत्या दिसली. मग तिने स्वतःच्या गळ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात काय प्रकाश पडला असेल तो असेल. ती उठली, रंगमंचाच्या कडेपर्यंत चालत आली, मानेमागचा आकडा काढला आणि माळ हातात धरून जोरजोरात हलवली. अगदी मालकीणबाईंच्या नाकापुढे.

काहीच आवाज नाही.

"ही माळ दोन वर्षं माझ्या गळ्यात आहे," नटी म्हणाली. "हिच्यासकट मी इथे रडलेय, धावलेय, तीनदा विष प्यालेय. तुमच्यापैकी कुणी ती कधी ऐकलीय?"

कुणी ऐकली नव्हती.

"तर मग आता आपापल्या माळा काढून मांडीवर ठेवा. राजाला मरायचंय."

बायकांनी माळा काढल्या. सगळ्यांनी एकदम काढल्या, त्यामुळे जो काही खडखडाट झाला तो सांगायला शब्द नाहीत. बाहेर रस्त्यावर लोकांनी छत्र्या उघडल्या एवढं सांगतो. आणि मग एकाएकी शांत झालं. असं शांत की आतोबांची कुजबुज, जी लग्नात पहिल्या रांगेपलीकडे गेली नव्हती, ती गॅलरीतल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली: माझ्यानंतर हे राज्य माझ्या धाकट्या मुलाचं. राजाने ते वाक्य घेतलं, पहारेकऱ्याकडून राज्य परत मागून घेतलं आणि असा मेला की बायका हमसून रडल्या. पहारेकरी मात्र फुगून बसला. पुढे जन्मभर तो स्वतःला माजी राजा म्हणवून घेत असे.

आणि मी? आवाज थांबल्याबरोबर मी आत्याच्या खांद्यावर गाढ झोपलो. तिसरा अंक आणि युद्ध, दोन्ही झोपेत काढली. विंगेतून कुणीतरी घोरतंय म्हणून धाकट्या राजपुत्राने तक्रार केल्याचंही सांगतात, पण तो आरोप मी कधी मान्य केलेला नाही.

पडदा पडायच्या आत मालकीणबाई विंगेत हजर. हातात किल्ली तशीच. मागे चाळणीशेठ, कोटाचं फूल मान टाकलेलं. बाईंनी आतोबांना गाठून विचारलं, राणीची माळ कुणी केलेली? आतोबांनी जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं सांगितलेली. स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली आणि त्यांची बोबडी वळली. आत्या एक पाऊल सरकून त्यांच्या कानाशी आली.

"माझ्या बायकोने," तिने हळूच सांगितलं.

"माझ्या बायकोने," आतोबा म्हणाले. आणि काय सांगू, मोठ्याने म्हणाले. गॅलरीतल्या लोकांनाही ऐकू गेलेली, त्यांची स्वतःची अशी आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची ओळ.

बाईंनी आत्याला रंगमंचावर नेलं. पडदा पुन्हा उघडला. बाईंनी आत्याच्या हातात नटीची माळ दिली आणि लोकांना म्हणाल्या, कान द्या. आत्याने एका हाताने मला सावरलं आणि दुसऱ्या हाताने माळ हलवली. खच्चून भरलेलं नाट्यगृह कान देऊन काहीच नसलेलं ऐकत राहिलं. आणि मग टाळ्या पडल्या. नटांना टाळ्या मिळतात, शांततेला मिळालेल्या त्या नाट्यगृहाने पहिल्यांदाच पाहिल्या. किल्ली आत्याच्या हातात आली. ती तिने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, गाठ मारून, म्हणजे तीही वाजायला नको.

सोमवारी आमच्या दाराशी बायकांची रांग चढावावरून बंदरापर्यंत होती. वास येत होता, तरी कुणी हटेना. पोस्टमनसुद्धा रांगेत होता, बायकोसाठी. आई, लोहारीण, लोहारणीची जाऊ, सगळ्या गाठी मारायला बसल्या, तरी माळा पुऱ्या पडेनात. गाठीला वेळ लागतो, त्यात भोकं गिरमिटाने पाडायची. आठवडाभरात आत्याच्या लक्षात आलं की किल्ली मिळाली तरी हात तेवढेच आहेत.

तेवढ्यात चाळणीशेठ आला. टोपी हातात. शेडमध्ये बायकांनी परत आणून दिलेल्या माळांचा डोंगर झाला होता, मशीन बंद पडलं होतं. तो दारात उभा राहून घसा खाकरणार, इतक्यात आईने एक भुवई उचलली. त्याला ती भाषा येत नव्हती, पण तो गप्प बसला.

आत्याने त्याला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं. मग पाळण्याशेजारचं बुटकं आसन पुढे ओढलं. पाळणा आता माझ्या चार दिवसांच्या बहिणीचा होता. वडील मध्यंतरी एकदा येऊन गेले होते.

"शेट, तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय," आत्या कुजबुजली. "उशी मात्र नाही. भोकं तुमचं मशीन पाडेल. गाठी इथे शिकायच्या."

तो बसला. गुडघे कानाशी आले. पहिली गाठ मारायला त्याला सकाळ लागली, आणि ती माळ पाळण्यावर हलवली तर बहीण टक्क जागी. उसवली. पुन्हा मारली. पुन्हा उसवली. संध्याकाळी बहिणीची पापणी हलली नाही, तेव्हा त्या जाड्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि आवाज होईल म्हणून तो नाकही शिंकरेना. पुढे तो असा तयार झाला की आत्याच्या खालोखाल गाठ त्याचीच. शेड मोठी झाली, खिडक्यांना जाड पडदे आले, आणि आत रांगेने पाळणे. ज्या बाईचं पोर हलक्या झोपेचं तिला कामाला आधी घ्यायचे. आसपासच्या गावांतून आया आपली रडकी पोरं दाखवायला आणायच्या आणि ती निवडली गेली नाहीत तर हिरमुसून परत न्यायच्या. त्या शेडमधून माळा बोटीत चढून कुठे कुठे गेल्या. कुठल्याही गावच्या नाट्यगृहात जाऊन बसा, राजा मरताना तुम्हाला आमचा माल ऐकू येणार नाही.

आत्या शेवटपर्यंत किल्ली गळ्यात घालून शेडच्या मधोमध बसायची, पाठीला उशी घेऊन. ती उशी शेटने स्वतः आणून ठेवली होती. मशीनच्या दांड्याला तिने कधी हात लावला नाही.

आता शेड नातवंडं बघतात. दुपारी मी तिथेच खिडकीखाली आडवा होतो. माझी झोप बिघडली आहे, म्हणजे गाढ लागते. बोट जरी छतावर येऊन आदळली तरी उठणार नाही. पण जुना माणूस म्हणून मान आहे. मोठी ऑर्डर निघायची असली की एखादी नात शेवटची माळ घेऊन दबक्या पावलांनी येते, माझ्या कानावर धरते आणि हलवते. सगळ्या जणी श्वास रोखून बघत असतात.

माळ निर्दोषच असते. तरी अधूनमधून मी एक पापणी हलवतो.